मधला खण

नोकरीच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मी खोटं दिलं.

"मासे खाता?"

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न कोण आणि कशासाठी विचारतं, हे मला पाठ होतं. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला घर शोधत होतो, तेव्हा सोसायट्यांचे सेक्रेटरी बाबांचं नाव विचारायच्या आधी हे विचारत. बाबा सरळ माणूस. ते "हो, खातो की" म्हणायचे, आणि तो फ्लॅट नेमका आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेला असायचा. त्यातून मी शहाणी झाले होते. शिवाय समोर बसलेल्या गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी ठामपणे मान हलवली आणि म्हटलं, "नाही हो. अंडंसुद्धा नाही."

गृहस्थांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. चेहरा पडला होता.

"मग कठीण आहे," ते म्हणाले. "ड्रॉइंग चांगलं आहे तुमचं. पण ड्रॉइंग काढणारी माणसं मिळतात. मला मासे खाणारं माणूस हवंय."

मी पर्स उचलली होती, ती परत मांडीवर ठेवली. "कोणते मासे?"

"म्हणजे?"

"म्हणजे बोंबील, बांगडा, मांदेली, काय खाणारं माणूस हवंय? कोळंबी चालत असेल तर तीही खाते मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पेन्सिल कानामागे परत गेली आणि ते पोट हलेपर्यंत हसले. "उद्यापासून या," म्हणाले. "आणि नाश्ता करून येऊ नका."

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यांची जी रांग आहे, तिच्यात आमचा गाळा होता. एका बाजूला चमचे व्हायचे, दुसऱ्या बाजूला डबे, आणि मधे आम्ही हॉटेलांसाठी गॅसच्या मोठ्या शेगड्या बनवायचो. शेगडी म्हटलेलं गिऱ्हाइकांना आवडायचं नाही, ते रेंज म्हणायचे. चार बर्नर, खाली कप्पा, आणि बर्नरांच्या मधोमध एक हातभर रुंद खण. त्या खणात काय बसवायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. तिथे एकतर जाड लोखंडी तवा बसतो, नाहीतर जाळी. तव्यावर पदार्थ आपल्याच रसात भाजला जातो, जाळीवर थेट जाळावर. तव्याखालचा बर्नर वेगळा, जाळीखालचा वेगळा. जाळीला खाली चरबी पडायला ट्रे लागतो, वर धूर ओढायला मोठा पंखा लागतो. एकदा खण कापला की विषय संपला.

दोन्ही का नाही, असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारायचं. बाजारात उलटसुलट पत्रे मिळतातच, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने रेघा. मालकांना त्यांचा राग होता. "वरची बाजू वापरा, खालच्या बाजूला चिकटलेलं तेल जळतं. मग ती बाजू वापरा, ही जळते. अहो, माणसानं एकदा ठरवावं," ते म्हणायचे. ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. मला, वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींना, दारात येणाऱ्या मांजरीलाही. "अहो, बाजूला व्हा, ठिणगी उडेल," असं मांजरीला समजावताना मी त्यांना ऐकलंय.

त्यांचा एक नियम होता. ताटाआधी टेप नाही. गिऱ्हाइकाच्या घरी किंवा हॉटेलात बसून जेवल्याशिवाय ते माप घ्यायचे नाहीत. आता माळकरी माणूस बिर्याणीवाल्याकडे जेवणार कसा? तर कापडी पिशवीत स्वतःचं ताट, वाटी, चमचा आणि घरून आणलेला दहीभाताचा डबा घेऊन ते जायचे, सगळ्यांबरोबर बसायचे, आपला दहीभात आपल्या ताटात वाढून घ्यायचे. "पंगत मोडायची नाही," एवढंच म्हणायचे. आणि जे त्यांना खाता येत नव्हतं, ते त्यांच्या वतीने मी खायचे. माझ्याआधी हे काम मिस्त्रींकडे होतं. पण मिस्त्रींना कोणत्याही घासाला "बढ़िया है" एवढंच म्हणता यायचं. "त्यांचं तोंड चांगलं आहे," मालक म्हणाले, "पण ते सगळ्यालाच हो म्हणतं."

त्यांचं म्हणणं असं, की रांधणाऱ्याला काही विचारू नये. तो गिऱ्हाइकाला काय आवडेल ते सांगतो, घरच्यांना काय आवडेल ते सांगतो, मोबाइलवर बघितलेलं सांगतो. त्यापेक्षा खाणाऱ्याचं तोंड बघावं. पहिल्या घासाला तोंड खोटं बोलत नाही. त्यामुळे मी घास घेतला की हा गृहस्थ स्वतःचा दहीभात विसरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचा. समाधान झालं की कानामागची पेन्सिल काढायची, जवळ जे काही स्टीलचं असेल त्याच्यावर दोनदा वाजवायची आणि म्हणायचं, "पास."

पहिल्या महिन्यात आम्ही वरसाव्याला पुलाजवळच्या एका ढाब्यावर गेलो होतो. ढाबेवाल्याला तवा हवा होता, कारण शेजारच्या ढाब्यावर तवा होता. मी निखाऱ्यावरचा रावस तोंडात टाकला. मालक पुढे झुकून बघायला लागले. ढाबेवाल्याने मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"ये साहब मैडम को ऐसे क्यूँ देख रहे हैं?"

"काम कर रहे हैं," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

त्या ढाब्याला जाळी गेली आणि ती चांगली चालली. ढाबेवाल्याने दिवाळीला मिठाई पाठवली, बरोबर माझ्यासाठी वेगळा रावस. अशी नोकरी कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही. आईला मात्र माझी नोकरी शेवटपर्यंत लोकांना समजावून सांगता आली नाही. ती "ड्रॉइंगचं काम आहे" म्हणायची आणि विषय बदलायची.

या जेवणांनंतर दर वेळी संध्याकाळी एक फोन यायचा. काकूंचा. काकू म्हणजे मालकांच्या बायको. त्या गाळ्यावर फारशा येत नसत, पण त्यांचा आवाज मला चांगला ओळखीचा झाला होता. इकडचं तिकडचं विचारून त्या हळूच मुद्द्यावर यायच्या. "आज कुठे गेला होतात? काय होतं जेवायला?" मला वाटायचं, बाई नवऱ्यावर पाळत ठेवून आहेत, चुकून माळ बाटली की काय ते बघतायत. म्हणून मी आधीच सांगून टाकायचे, "मालकांनी दहीभातच खाल्ला हो."

"ते माहितेय," काकू म्हणायच्या. "तुम्ही काय खाल्लंत?"

मग मी सांगायचे. त्यांचे प्रश्न वाढत जायचे. रस्सा दाट होता की पातळ. आंबटाला चिंच होती की कोकम. कोळंबीत बटाटा घातला होता की शेवग्याच्या शेंगा. मी बोलायचे आणि पलीकडे इतकी शांतता असायची, की फोन कट झालाय असं वाटून मी "हॅलो" म्हणायचे. "ऐकतेय," काकू म्हणायच्या. "सांगा तुम्ही."

आता एका न विकलेल्या रेंजबद्दल सांगायला हवं.

गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनी चादर टाकून ठेवलेली रेंज होती. मी पहिल्यांदा चादर उचलून बघितलं तेव्हा थक्क झाले. आमच्याकडून गेलेल्या कुठल्याच रेंजचं काम इतकं सुबक नव्हतं. कडा बोटाला लागत नव्हत्या, बटणं लोण्यात फिरवल्यासारखी फिरत होती. आणि मधला खण मोकळा. ही काकूंची रेंज. लग्न झालं तेव्हा मालक दुसऱ्याच्या गाळ्यात मदतनीस होते, आणि काकू मोरव्याला तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात दोन बर्नरच्या शेगडीवर सात माणसांचं करत होत्या. मालकांनी शब्द दिला होता, की स्वतःचा गाळा झाला की पहिली रेंज तुझी. गाळा झाला. पहिली रेंज एका अडलेल्या खानावळवाल्याला द्यावी लागली, दुसरी भाचीच्या लग्नातल्या आचाऱ्याला. मग मालकांनी ही खास बनवायला घेतली, आणि मधल्या खणापाशी येऊन जे अडले ते अडलेच. काकू अजून त्याच दोन बर्नरवर होत्या.

"भाभीजी की रेंज बैठे-बैठे बूढ़ी हो गई," मिस्त्री म्हणायचे.

गंमत वाटेल, पण दुसऱ्यांचा खण पहिल्या घासात ठरवणारा हा माणूस स्वतःच्या घरच्या खणापुढे हतबल होता. काकूंना विचारलं की त्या म्हणत, "तुम्हाला वाटेल ते." मालकांना स्वतःला जाळी हवीशी वाटे, कारण वांग्याचं भरीत हा त्यांचा जीव की प्राण. पण मग थालीपिठं, भाकऱ्या, घावन? त्याला तवा हवा. सकाळी जाळी ठरायची, दुपारी तवा. चहावाल्याला विचारून झालं, चमच्यांच्या गाळ्यातल्या गुजराती शेठना विचारून झालं. एकदा तर रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "तवा की जाळी?" तो म्हणाला, "आधी कुठे जायचं ते सांगा."

एकदा मी त्यांना म्हटलं, "मालक, तुमच्याच नियमाने बघा ना. घरी जेवताना खाणाऱ्याचं तोंड बघा."

"बघितलं ना," ते म्हणाले. "घरात आता दोघंच, त्यात खाणारा मीच. आरशात बघून जेवलो एक दिवस. भरिताला पास, थालीपिठालाही पास. काय करू?"

हे ऐकून मी खूप हसले. पण त्यांच्या बोलण्यातली खोट तेव्हा मलाही दिसली नव्हती.

ती दिसली चौकच्या बायकांमुळे. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून चौक गाव आहे. तिथल्या एका कोळ्याच्या घरातली सासू-सून आमच्याकडे आल्या. रविवारी समुद्रावर फिरायला येणाऱ्यांसाठी घराच्या ओट्यावरच खानावळ सुरू करायची होती. बर्नर किती, उंची किती, यावर दोघींचं एकमत होतं. मधल्या खणावर नव्हतं. सून म्हणाली, जाळी. हल्ली येणारे लोक ग्रिल केलेलं मागतात. सासू म्हणाली, तवा. दोघी भांडत नव्हत्या. पण दोघीही आपल्या शब्दावरून हटत नव्हत्या.

आम्ही चौकला जेवायला गेलो. मालकांनी कापडी पिशवीतून ताट काढून दहीभात वाढून घेतला तेव्हा आजी त्यांच्याकडे जरा कौतुकानेच बघत राहिल्या. सुनेने ओले बोंबील तव्यावर तळून आणले. कडा कुरकुरीत, आत लोण्यासारखे. मी खाल्ले, छान होते. मग आजींनी मागच्या दाराच्या चुलीत निखाऱ्यावर भाजलेला बांगडा आणून माझ्या ताटात ठेवला, आणि त्या घासाला माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा पेन्सिल डब्याच्या झाकणावर दोनदा वाजली होती.

"जाळी. पास."

सून खूश झाली. आजींनी उरलेले बोंबील सुनेसाठी झाकून ठेवले.

त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी बांगड्याचं रसभरित वर्णन केलं. काकूंना मात्र बोंबलात रस होता.

"ओले बोंबील दाबून ठेवले होते ना? कशाखाली?"

"पाट्याखाली, बहुतेक."

"पाटा जड होतो," काकू म्हणाल्या. "चिंध्या होतात त्यांच्या. आम्ही फळी ठेवायचो आणि फळीवर पाण्याची कळशी. पूर्ण भरलेली नाही, गळ्यापर्यंत."

त्या काय बोलून गेल्या ते दोघींच्याही एकदमच लक्षात आलं होतं.

काकूंचं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. ते मला माहीत होतं. त्यातून जे कळायला हवं होतं ते मात्र तोवर कळलं नव्हतं. मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. सासूबाईंच्या घरात मासे चालत नव्हते, म्हणून सोडले. आई होती तोवर माहेरी गेल्यावर खायच्या. आई गेली, माहेर भावाच्या मुलांचं झालं. सासूबाईही जाऊन काही वर्षं झाली. "मग आता का नाही?" मी विचारलं. "कुणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "आणि मीही काढलं नाही. तुम्ही सांगता ना, त्यात भागतं माझं. यांना बोलू नका हं काही."

भागतं म्हणाल्या. गेलं वर्षभर मी एका माणसाच्या वतीने जेवत होते असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी दोघांच्या वतीने जेवत होते.

रेंज पोचवण्याआधी गाळ्यातच तिची परीक्षा व्हायची. ठरल्या दिवशी सासू-सून बोंबील आणि बांगड्यांचा डबा घेऊन रिक्षाने आल्या. जाळी चढवली, बर्नर पेटवला. बांगडा उत्तम भाजला गेला. चमच्यांच्या गाळ्यातले कामगार दारात गोळा झाले. शेठनी नाकाला रुमाल लावला, पण तेही गेले नाहीत. मग सुनेने ओला बोंबील जाळीवर ठेवला.

बोंबील आधी नुसताच बसला. मग वितळल्यासारखा झाला. मग त्याचे दोन तुकडे जाळीतून खाली ट्रेमध्ये पडले आणि उरलेला जाळीला असा चिकटला, की मिस्त्रींना तो पान्याने खरवडावा लागला. दुसऱ्याचंही तेच झालं. धूर एवढा झाला, की शेठ शेवटी गेलेच.

आजी स्टुलावर बसून हसत होत्या. "बोंबील म्हंजे निसता पानी," त्या म्हणाल्या. "पानी जालीवर र्‍हाल काय?"

मालकांचा चेहरा उतरला. नियम चुकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. "पण यांचं तोंड..." माझ्याकडे हात करून ते म्हणाले. "मी स्वतः बघितलं. डोळे मिटले होते."

"तिचा तोंड खोटा न्हाय," आजी म्हणाल्या. "पन ती एक दिस येल, खाल नि जाल. रोज चुलीपुढं कोन हाय? ही." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "तिला इचारलंस?"

"रांधणाऱ्याला विचारलं की तो दुसऱ्याच्या आवडीचं सांगतो, आजी."

"मंग काय रांधशील ते इचारू नको. तुला सोताला काय खायाचं हाय, ते इचार."

मालकांनी सुनेकडे बघितलं. ती लाजली. "मला तव्यावरचा बोंबीलच आवडतो," ती म्हणाली. "खरपूस कडा असलेला. जाळी मी लोकांसाठी म्हणत होते."

"मी रातचा बगते ना तिला," आजी म्हणाल्या. "सगल्यांचं झालं का तव्याला चिकटलेलं खरवडून खाते. म्हनून मी तवा सांगत व्हते."

मालकांनी जाळीखालचा बर्नर बंद केला. इतक्या वर्षांत इतक्या पंगतींना बसून, रांधणारं माणूस हेही खाणारं माणूस असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आजींनी मात्र त्यांना तिथेही सोडलं नाही.

"तुजे घरी काय हाय? तवा का जाली?"

"घरी अजून दोन बर्नरचीच शेगडी आहे."

आजी पुन्हा हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. "नि बायकोला तुजे काय आवरतं खायाला?"

"थालीपीठ," मालक म्हणाले.

मी त्या वेळी काही खात नव्हते. पण त्यांनी सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचं बघणं तिथेच थांबलं. सासू-सून गेल्या, चौकसाठी तव्याची नवी रेंज करायचं ठरलं, कामगार पांगले, तरी ते माझ्यासमोर उभे होते.

"तुम्ही मघाशी काहीतरी गिळलंत," ते म्हणाले.

काकूंनी बोलू नका म्हटलं होतं. पण या माणसापुढे तोंड लपवायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला लपवायचंही नव्हतं. मी म्हटलं, "मालक, बोंबील पाट्याखाली दाबले तर चिंध्या होतात. फळी ठेवून वर कळशी ठेवायची. गळ्यापर्यंत भरलेली."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"संध्याकाळी तुमच्या घरून मला फोन येतो, त्यांनी."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते त्या कोपऱ्यात गेले, चादर काढली, आणि मोकळ्या खणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं, आता वाईट वाटून घेणार. पण ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखी घाई होती. "मिस्त्री," त्यांनी हाक मारली, "अहो, सगळ्यात जाड प्लेट काढा."

मिस्त्रींनी प्लेट काढता काढता विचारलं, "घर में मछली? और आपकी माला?"

"माला मेरे गले में है," मालक म्हणाले. "उनके गले में नहीं."

त्या रविवारी मला मोरव्याला घरी जेवायला बोलावलं होतं. येताना चौकहून बोंबील घेऊन या, असा निरोप होता, आणि सुनेने ते पहाटेच्या बोटीचे वेगळे काढून ठेवले होते. मी सकाळीच पोचले. काकूंना मी समोरासमोर बघितलं होतं ते एकदोनदाच. ठेंगण्या, हसऱ्या, आणि त्या दिवशी कमालीच्या गोंधळलेल्या. पिशवी हातात घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या. भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, तिकडे बघून म्हणाल्या, "वास जाईल हो त्यांना."

"आईला मी काल सांगितलंय," मालक आतून म्हणाले. "काही बोलली नाही."

स्वयंपाकघरात ती रेंज बसली होती. मधल्या खणात काळाभोर तवा, तेल पाजून तयार केलेला. पण मला गंमत वाटली ती खिडकीजवळच्या कट्ट्याची. तिथे ती जुनी दोन बर्नरची शेगडी ठेवलेली होती, आणि तिच्यापुढे कमरेला टॉवेल गुंडाळून खुद्द मालक उभे होते. एका बर्नरवर वांगं भाजत होतं. दुसऱ्यावर त्यांनी थापलेली ज्वारीची भाकरी होती, तिला तीन ठिकाणी भेगा.

"ती त्यांची," ते रेंजकडे बोट करून म्हणाले, "आणि ही आता माझी. माझं मी करणार. सरमिसळ नको."

काकूंनी फळीवर कळशी ठेवली. मालक मधून मधून येऊन तिच्यात पाणी ओतायचे, त्यांना वाटायचं जेवढं जड तेवढं चांगलं. काकू दर वेळी तांब्याने ते पाणी काढायच्या. "गळ्यापर्यंत म्हटलं ना," असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाजात चांगलीच जरब होती. मालक इतके खूश झाले की विचारू नका. मला वाटतं, 'तुम्हाला वाटेल ते' सोडून दुसरं काही त्या घरात बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं असावं.

मसाला लावताना काकूंचे हात आधी अडखळले. मीठ, हळद, तिखट, आंबट, प्रत्येक डब्यापाशी थांबून त्या आठवत होत्या. मग तव्यावर पहिला बोंबील चर्र करून पडला आणि हात आपोआप चालायला लागले. कुठला कधी उलटायचा हे त्या बघतही नव्हत्या. आवाजावरून उलटत होत्या.

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. मालकांनी आपलं ताट जरा लांब, पण रांगेतच मांडलं. पंगत मोडायची नाही. पहिला बोंबील काकूंनी सवयीने माझ्या ताटात वाढायला घेतला. मालकांनी हात आडवा केला.

"आज यांची सुट्टी आहे," ते म्हणाले. "आधी तू."

काकूंनी घास घेतला. मालक भरीत-भाकरी विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तसेच, पुढे झुकून, जसे माझ्याकडे बघायचे. मी मान फिरवली, कारण ते मी बघावं असं नव्हतं. खिडकीबाहेर शेजारच्या घरातलं रविवारचं रेडिओवरचं काहीतरी ऐकू येत होतं.

शेवटी मालकांनी कानामागे हात नेला. रविवार होता, पेन्सिल नव्हती. मग त्यांनी आपल्या स्टीलच्या वाटीवर बोटाने दोनदा वाजवलं.

"पास," ते म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले, घास गिळला आणि दुसरा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "पास काय? मीठ कमी पडलंय."

"ते मीठ झालं," मालक म्हणाले. "मी तव्याचं बोलतोय."

"तव्याला काय झालंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा बोंबील स्वतःच्याच ताटात वाढून घेतला.